ॲपमध्ये 72 टक्के, कागदावर गप्प: पावणेचार वर्षांच्या मुलीसाठी ऑनलाइन प्रोग्राम घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी पावणेचार वर्षांची आहे. आठवड्याभरापूर्वी तुम्ही एका ऑनलाइन अर्ली लर्निंग प्रोग्रामची फ्री ट्रायल सुरू केलीत. पहिले दोन-तीन दिवस ती स्वतःहून टॅब्लेट घेऊन बसायची. आता मधेच उठून जाते, आणि तरीही बंद केलं की रडते. ॲपचा रिपोर्ट सांगतो की ‘अक्षरओळख’ 72 टक्के पूर्ण झाली. तुम्ही तेच अक्षर कागदावर काढून विचारलंत तर ती गप्प. ट्रायल संपत आलीये. वर्षाचे पैसे भरावेत का, आणि नाही भरले तर ती मागे पडेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते आणि त्यांच्या आई-बाबांबरोबर बसून असे प्रोग्राम निवडायला, चालवायला आणि पुष्कळदा बंद करायलाही मदत करते. त्यामुळे सरळ उत्तरं आधी देते. वर्षाचे पैसे आत्ता भरू नका. आणि हा प्रोग्राम नसल्यामुळे ती मागे पडणार नाही, ही काळजी मनातून काढून टाका. पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: स्क्रीनवर येतं ते कागदावर येत नाही. प्रोग्राम ठेवायचा की सोडायचा हे ठरवायला याहून चांगली खूण नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

उद्या ती बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसा, आणि पाच मिनिटं स्क्रीनकडे न बघता तिच्या बोटाकडे बघा. स्क्रीनवर तीन फुगे येतात: क, म, स. आवाज विचारतो, ‘म कुठे आहे?’ बोट सगळ्यात जवळच्या फुग्यावर जातं. ‘टुंग’, फुगा हलतो. बोट लगेच दुसऱ्यावर. पुन्हा ‘टुंग’. तिसऱ्यावर टाळ्या, चांदण्या, ‘शाब्बास!’ आवाज काय म्हणाला हे तिने ऐकलंच नसेल तरी चालतं, कारण तीन फुग्यांत कुठेतरी बरोबर उत्तर असतंच. कित्येक प्रोग्राममध्ये मूल काही सेकंद थांबलं की बरोबर फुगा आपोआप उडी मारायला लागतो. चुणचुणीत मुलं हे दुसऱ्याच दिवशी ओळखतात आणि फुगा उडी मारेपर्यंत शांत बसून राहतात. काही मुलांना तर ‘टुंग’ हा आवाजच इतका आवडतो की ती मुद्दाम चुकीच्या फुग्यावर बोट ठेवतात. रिपोर्टमध्ये हे सगळं ‘पूर्ण’ म्हणूनच लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. प्रोग्राममध्ये ‘म’ नेहमी एकाच रंगात येतो का? त्याच्या शेजारी नेहमी तोच मासा असतो का? असेल तर मुलीने कदाचित ‘निळा आणि मासावाला’ लक्षात ठेवलाय, आणि तुम्ही कागदावर काढलेला ‘म’ पेन्सिलचा, काळा, माशाविना आहे. तिच्या दृष्टीने ती वेगळीच आकृती आहे. मी अशा वेळी ‘म’ आणि ‘भ’ शेजारीशेजारी काढते, कारण दोघांत फरक आहे तो फक्त डाव्या बाजूला. ज्या मुलाला खरंच ‘म’ कळलाय ते तिथे क्षणभर थांबतं, दोन्हीकडे बघतं आणि मग बोट ठेवतं. ते थांबणं मला रिपोर्टमधल्या कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त सांगून जातं.

म्हणजे तुमची मुलगी मठ्ठ नाही आणि खोटंही वागत नाहीये. तिने खेळ जिंकायला लागतं तेवढं शिकून घेतलं. अक्षर शिकायला लागतं ते त्या खेळाने मागितलंच नाही.

यामागे लहान मुलांच्या शिकण्याबद्दल चांगली माहीत असलेली एक गोष्ट आहे. पडद्यावर पाहिलेलं खऱ्या जगात आणून वापरणं लहान मुलांना अवघड जातं. 1998 मध्ये ज्युडी डीलोच आणि जॉर्जीन ट्रोसेथ या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवताना दाखवलं. ज्यांनी ते खिडकीतून पाहिलं, त्यांनी खोलीत जाऊन खेळणं सहज शोधलं. ज्यांनी तेच टीव्हीच्या पडद्यावर पाहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ते जमेना. वय वाढतं तशी ही दरी कमी होत जाते, आणि तुमची मुलगी काही दोन वर्षांची नाही. पण चौथ्या वर्षीही ती पूर्ण भरलेली नसते, हे मी रोज बघते. म्हणून पडद्यावरची गोष्ट हातात, कागदावर, बोलण्यात आणून देणारं कुणीतरी लागतं. प्रोग्राम कितीही चांगला असला तरी ते काम त्याला करता येत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाचं काम आहे.

1969 मध्ये अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा मुलांवर काय परिणाम होतो हे पहिल्या वर्षापासूनच तपासलं गेलं. जी मुलं तो जास्त बघत होती ती जास्त शिकत होती, हे तर दिसलंच. पण ज्या घरांत आई मुलाबरोबर बसून बघत होती आणि त्याबद्दल बोलत होती, त्या मुलांना त्याचा अधिक फायदा झालेला दिसला. इतक्या वर्षांत पडदा हातात आला, त्याला बोट लावता यायला लागलं, पण माझ्या अनुभवात हा नियम बदललेला नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमच्या घराबद्दल मला थोडंच माहीत आहे.

घरात दिवसातून पंधरा मिनिटं तिच्या शेजारी बसू शकेल असं कुणी आहे का? आई, बाबा, आजी, आजोबा, मोठं भावंड, कुणीही चालेल. असेल तर मध्यम दर्जाच्या प्रोग्राममधूनही काहीतरी मिळतं. आणि नसेल, म्हणजे तुम्हाला स्वयंपाक किंवा ऑफिसचा कॉल उरकेपर्यंत तिला गुंतवून ठेवायला काहीतरी हवं असेल, तर ती गरजही खरी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त मग त्यासाठी ‘शिक्षणाचे’ पैसे भरू नका. त्या वेळेत एखादी संथ, छान गोष्ट लावून दिलीत तरी तेवढाच उपयोग होईल आणि रिपोर्टच्या टक्क्यांचं ओझंही राहणार नाही.

ती बालवाडीत जाते का? जात असेल तर अक्षरं, आकडे, रंग तिथे होणारच आहेत, आणि घरी त्याचीच पुनरावृत्ती करण्यापेक्षा धावणं, चढणं, माती-पाणी, चित्रं यांना वेळ देणं बरं. आजारपणामुळे, लांबच्या जागेमुळे किंवा दुसऱ्या कारणाने जात नसेल, तर नीट चालवलेला प्रोग्राम घरातल्या मोठ्यांना एक शिस्त देऊ शकतो: आज काय, उद्या काय. अमेरिकेतल्या यूटा राज्यात 2009 पासून शाळेच्या आदल्या वर्षातल्या मुलांना घरी ऑनलाइन प्रोग्राम दिला जातो. त्यातलं अपेक्षित प्रमाण बघण्यासारखं आहे: दिवसाला पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. सरकारी पातळीवर चालवणाऱ्यांनीही यापेक्षा जास्त मागितलेलं नाही. आणि ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा साधारण वर्षभराने मोठी असतात.

प्रोग्राम कुठल्या भाषेत आहे हेही विचारायला हवं. तुम्ही ते लिहिलेलं नाही. घरी मराठी आणि ॲपमध्ये इंग्रजी असेल, तर पावणेचार वर्षांच्या मुलीवर दोन कामं एकदम येतात: सूचना समजून घेणं आणि त्यातलं शिकणं. फुग्यांवर भराभर बोट मारत सुटण्याचं एक कारण हेही असतं की आवाज काय विचारतोय ते कळतच नाही. हे तपासायला सोपं आहे. ॲपचा आवाज बंद करा आणि तोच प्रश्न तुम्ही मराठीत विचारा. तिचं बोट थांबून विचार करायला लागलं, तर अडचण भाषेची होती.

आणखी एक फरक असा की ‘ऑनलाइन प्रोग्राम’ या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, तुमच्याकडे आहे ती: खेळ आणि व्हिडिओ, मूल एकटं बोट लावतं. दुसरी, लाइव्ह क्लास, म्हणजे पलीकडे खरी ताई आणि पडद्यावर आणखी काही मुलं. तिसरी, पालकांसाठी असलेला प्रोग्राम: रोज तुम्हाला एक कृती सुचवली जाते आणि ती तुम्ही घरातल्या वस्तू घेऊन मुलीबरोबर करता. मूल पडद्याकडे बघतच नाही.

या वयाला मला तिसरी सगळ्यात आवडते. ती कमी चकचकीत असल्यामुळे लोकांना कमी आवडते. दुसरीबद्दल माझं मत संख्येवर ठरतं. 2014 मध्ये रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून आणि व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून मुलं शिकली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. फरक पडला तो पलीकडच्या माणसाच्या उत्तर देण्याने. मूल काही बोललं, की तो माणूस त्यालाच धरून पुढे बोलत होता. म्हणजे पडदा असला तरी चालतं, संवाद तुटला की चालत नाही. आता लाइव्ह क्लासमध्ये वीस मुलं असतील आणि सगळी म्यूटवर असतील, तर पलीकडची ताई जिवंत असूनही मुलासाठी तो रेकॉर्ड केलेलाच व्हिडिओ झाला. चार-पाच मुलांचा गट, प्रत्येकाला नावाने हाक, मूल बोललं की त्यावर बोलणं, असं असेल तरच मी लाइव्ह क्लासला हो म्हणते. डेमो क्लासला बसाल तेव्हा एवढंच मोजा: ताईने तुमच्या मुलीचं नाव किती वेळा घेतलं, आणि मुलीने काही सांगितल्यावर ताई त्या सांगण्याकडे वळली का.

इथवरचं थोडक्यात: रिपोर्टमधली प्रगती म्हणजे शिकणं नव्हे, शेजारी माणूस हवा, भाषा कळणारी हवी, आणि पडद्यापलीकडे कुणी उत्तर देणारं असेल तर उत्तम. आता तुमच्याकडे जे आहे तेच वापरून बघायचं असेल तर कसं, ते सांगते.

सुरू करण्याआधी, म्हणजे अगदी उद्या सकाळी, एक छोटी नोंद करून ठेवा. परीक्षा घेतल्यासारखं नको, खेळता खेळता. कागदावर पाच अक्षरं काढा आणि ‘तुला यातलं कुठलं ओळखीचं वाटतं?’ असं विचारा. बटणं किंवा ठोकळे तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘मला पाच दे.’ दहापर्यंत धडाधड म्हणणारी कित्येक मुलं इथे मूठभर ठोकळे उचलून देतात, कारण आकडे म्हणता येणं आणि ‘पाच’ म्हणजे नेमके किती हे कळणं या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी बहुतेक मुलं साडेतीन-चारच्या आसपास चढतात, काही थोडी नंतर, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मग एखादी ओळखीची गोष्ट तिला सांगायला सांगा आणि ती कितपत सलग सांगते ते ऐका. एवढं वहीत लिहून ठेवा. हीच नोंद महिन्याभराने पुन्हा करायची आहे, आणि पैशांचा निर्णय तिच्यावर घ्यायचा आहे. रिपोर्टमधल्या टक्क्यांकडे तोवर बघूच नका.

मग रोजचा वेळ. पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरातला एकूण बैठा स्क्रीन टाइम एक तासाच्या आत, आणि त्याहून कमी असेल तर चांगलं, असं म्हटलंय. या तासात कार्टून, मोबाइलवरचे व्हिडिओ सगळं आलं. त्याच शिफारशींत दिवसाला किमान तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोपही सांगितली आहे. प्रोग्रामची पंधरा मिनिटं या दोन्हींतून काढायची नाहीत, आधीच्या स्क्रीन टाइममधून काढायची. मोबाइलपेक्षा टॅब्लेट बरा, मांडीपेक्षा टेबल बरं, आणि झोपेच्या आधी तर नकोच.

या पंधरा मिनिटांत माझी पद्धत साधी आहे. सगळे धडे करायचे नाहीत, एकच घ्यायचा. धड्याआधी एक खरी वस्तू हातात द्यायची. ‘म’चा धडा असेल तर मणी, माती, मोजा, जे हाताशी असेल ते. ‘म्म्म, मणी. ओठ कसे मिटले बघ,’ असं म्हणून आरशात दाखवायचं. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘स’ म्हणताना मिटत नाहीत, हे मुलांना फार मजेशीर वाटतं, आणि ऐकलेला आवाज आणि काढलेला आकार यांची गाठ तिथेच पडते. मग धडा सुरू. प्रश्न आला की तिचं बोट स्क्रीनला लागायच्या आत तुमचा हात हलकेच मधे ठेवा आणि म्हणा, ‘आधी तोंडाने सांग, मग बोट.’ एवढ्या एका वाक्याने फुगे फोडण्याचा खेळ बदलतो. चुकली तर ॲपच्या आधी तुम्हीच विचारा, ‘तुला हा का वाटला?’ आलेलं उत्तर लक्ष देऊन ऐका. ‘कारण याला पण पोट आहे’ असं काहीतरी येतं आणि तुम्हाला कळतं की ती आकार किती बारकाईने बघतेय.

धडा संपला की टॅब्लेट बाजूला आणि तीच गोष्ट हाताने. पिठात बोटाने, पाटीवर खडूने, ओल्या मातीत काडीने, कसंही. अक्षर देखणं यायला हवं असं मुळीच नाही, आणि पावणेचारला पेन्सिल धरायचा आग्रह तर नकोच. पण हाताने काढलेल्या ओबडधोबड अक्षराला एक किंमत आहे. 2012 मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं हाताने काढायला, गिरवायला आणि टाइप करायला दिली. नंतर तीच अक्षरं बघताना मेंदूतले वाचनाशी संबंधित भाग हाताने काढलेल्या अक्षरांसाठी जागे झालेले दिसले, तसे टाइप केलेल्या किंवा गिरवलेल्या अक्षरांसाठी दिसले नाहीत. ॲपमधल्या तुटक रेषेवर बोट फिरवणं हे गिरवणंच आहे. पिठात स्वतः काढलेला वाकडा ‘म’ निराळा, कारण प्रत्येक वळण कुठे घ्यायचं ते तिने ठरवलेलं असतं.

आता रडण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ती मधेच उठते आणि तरी बंद केलं की रडते. हे दोन्ही एकत्र दिसलं तर मी प्रोग्रामच्या रचनेकडे बघते. एक धडा संपायच्या आत दुसरा सुरू होतो का? मग तिला ‘संपलं’ असं कधी वाटतच नाही. कंटाळा येतो, पण सुटका होत नाही. ऑटोप्ले बंद करता येत असेल तर आजच बंद करा. आणि ‘आता दोनच मिनिटं हं’ ही सूचना आपण सगळे देतो, तीही सोडून बघा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये लहान मुलांच्या घरांत स्क्रीन बंद करण्याचे प्रसंग नोंदवले, तेव्हा दोन मिनिटं आधी सूचना दिल्यावर मुलांचा त्रागा वाढलेला दिसला. स्क्रीनवरचं काम आपसूक संपलं किंवा रोजच्या क्रमाचा भाग म्हणून संपलं, तिथे तो कमी होता. माझ्या पाहण्यातलं याच्याशी जुळतं. चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती हे कळत नाही. ‘हा धडा संपला की टॅब्लेट झोपणार’ हे कळतं. आणि बंद झाल्यावर हातात काय येणार हे आधीच ठरलेलं असलं, पिठाची ताटली टेबलावर मांडलेली असली, तर बहुतेक रडणं तिथेच विरतं.

रडल्यावर पुन्हा चालू करून देऊ नका. आणि ती दुसऱ्या कशावरून रडत असेल, पडली, रागावली, कंटाळली, तर तिला गप्प करायला हा प्रोग्राम वापरू नका. ‘शिकण्याचंच तर आहे’ म्हणून ते सोपं वाटतं. पण रडू आलं की जवळ घेणारं माणूस हवं, आणि हळूहळू स्वतःला सावरायला शिकायचं, हे या वयातलं अक्षरांहून मोठं शिक्षण आहे.

चांदण्या, नाणी, बक्षिसं यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. बाकीच्यांना काही कबूल केलं नाही. पुढे वर्गात कुणीही न सांगता चित्रं काढायची मोकळीक होती, तेव्हा बक्षीस कबूल केलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्मा वेळ चित्रांना दिला. आवड होती ती काम झाली. तुमच्या मुलीचा उत्साह दोन-तीन दिवसांत ओसरला त्यात नवेपणा संपण्याचा भाग आहेच, पण पाचव्या मिनिटाला चांदण्या नेहमीच्याच वाटायला लागल्या आणि त्यांच्यापलीकडे धड्यात तिच्यासाठी काही नव्हतं, हेही असू शकतं. बक्षिसं सेटिंगमध्ये बंद करता आली तर करा. नाही आली, तर चांदण्या आल्या की तुम्ही त्यांच्याबद्दल काही बोलू नका, तिने काय केलं त्याबद्दल बोला: ‘तू दोन्ही अक्षरं नीट बघितलीस, मग बोट ठेवलंस.’

असं महिनाभर चालवा. मग ती वही काढा. तीच पाच अक्षरं, तेच ‘मला पाच दे’, तीच गोष्ट. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधल्या दिवसांत प्रोग्राममधलं काही तिच्या खेळात आलं का, याकडे लक्ष ठेवा. बाहुलीला ती ‘म्म्म, ओठ मिट’ म्हणाली का? दुकानाच्या पाटीवर ‘हा आपला म’ म्हणून बोट दाखवलं का? प्रोग्राममधलं गाणं आंघोळीच्या वेळी गुणगुणली का? असं काही दिसत असेल तर चालू ठेवा. महिनाभरात एकदाही नाही दिसलं, तर सोडून द्या आणि हीच पंधरा मिनिटं गोष्टी सांगण्या-ऐकण्याला द्या. मधेच तिने ‘नको’ म्हटलं तर त्या दिवशी नको. सलग आठवडाभर नको म्हणाली तर काही महिन्यांनी पुन्हा बघा. या वयात सहा महिन्यांत मूल इतकं बदलतं की आज कंटाळवाणा वाटलेला धडा तेव्हा तिला आवडूही शकेल.

आता पैसे. ट्रायल संपल्यावर बहुतेक प्रोग्राम आपोआप सशुल्क होतात. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं होत नाही, ते ॲप स्टोअरच्या किंवा त्या प्रोग्रामच्या खात्यात जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. हा त्रास फक्त विसराळू पालकांना होतो असं समजू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताकडे बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘एबीसीमाउस’ हे मुलांचं शिकण्याचं ॲप चालवणाऱ्या कंपनीवर आपोआप नूतनीकरण नीट न सांगण्यावरून आणि रद्द करणं अवघड ठेवण्यावरून कारवाई केली होती, आणि 2020 मध्ये ते प्रकरण कंपनीने 1 कोटी डॉलर देऊन मिटवलं. म्हणून आजच रद्द करून टाका आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुष्कळ ठिकाणी रद्द केल्यावरही ट्रायलचे उरलेले दिवस वापरता येतात, तरी अट एकदा वाचून घ्या. वर सांगितलेला महिना चालवून बघायला, आणि पुढे चालू ठेवावंसं वाटलं तरीही, एकेक महिन्याचंच घ्या. महाग पडलं तरी चालेल, कारण वर्षाचे पैसे भरले की ‘भरलेत ना, मग बस’ असं आपण मुलीला म्हणायला लागतो, आणि पंधरा मिनिटांतली सगळी गंमत तिथे संपते.

फुकट ॲपकडे वळायचा विचार असेल तर जाहिरातींचं ध्यान ठेवा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची 135 ॲप तपासलेल्या 2019 च्या एका अभ्यासात 95 टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात सापडली, काहींमध्ये तर खेळातलं आवडतं पात्रच काहीतरी विकत घ्यायला सांगत होतं. चार वर्षांच्या मुलाला धडा आणि जाहिरात यातला फरक नीट कळत नाही. खातं उघडताना मुलीचं टोपणनाव आणि जन्मवर्ष पुरतं, फोटो देऊ नका, आणि मायक्रोफोनची परवानगी धड्याला लागत नसेल तर बंद ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट सांगून ठेवते, कारण असे प्रोग्राम पुष्कळदा ‘बोलणं सुधारेल’ या आशेने घेतले जातात. पावणेचार-चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसालाही बहुतांशी कळायला हवं, आणि त्याने दोन-तीन वाक्यं जोडून काहीतरी सांगायला हवं. तुमच्या मुलीचं तसं नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर ती वळत नसेल, किंवा आधी बोलायची ते शब्द आता कमी झाले असतील, तर कुठलाही प्रोग्राम महिनाभर चालवून बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे साठलेल्या पाण्यानेही ऐकू कमी येतं, आणि मग ‘म’ आणि ‘न’ तिला सारखेच ऐकू येत असतील तर कागदावरच्या अक्षरावर ती गप्प बसते याचं कारण तेही असू शकतं. हे सगळं ठीक असेल, तर उद्या सकाळी वही, पाच ठोकळे आणि एक आरसा घेऊन बसा. महिन्याभराने वहीत काय फरक पडला ते मला जरूर कळवा, आणि प्रोग्राम कुठल्या भाषेत आहे तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.